थुंकी नव्हे, बेडका

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे गोधडी पिळणं.

पाऊस सरून ऊन पडायला लागलं होतं. गोदानं घरातल्या सगळ्या गोधड्या हौदाजवळ नेऊन बडवून काढल्या. ओली गोधडी एकट्या माणसाला पिळत नाही. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. आणि दर वर्षीसारखा मी चुकलो. ती जिकडं फिरवत होती तिकडंच मीबी फिरवायला लागलो.

"आवं, उलटं फिरवा की! दोघं एकाच अंगाला फिरलो तर पाणी निघंल का?"

"मग तू फिरव उलटं."

"जन्मभर म्याच उलटी फिरले. आज तुमी फिरा."

मी फिरवलं. पाणी धो धो गळालं. आणि तिला ढास लागली. तोंड मिटलेलं, मानेच्या शिरा तटतटलेल्या, डोळ्यांत पाणी. घशाशी काहीतरी आलं, ते तिनं गिळलं. तेवढ्यात हातातलं टोक सुटलं आणि धुतलेली गोधडी चिखलात पडली.

"ग्येली का मेहनत मातीत?" मी म्हणालो.

"हातच गळाले बघा," असं म्हणून ती हौदाला टेकून खाली बसली.

त्यानंतरही आम्ही दोघांनी मिळून पुष्कळ केलं. रांगा लावल्या, रिक्षा बदलल्या, बाकड्यावर बसून नंबर पुकारायची वाट बघितली. पण ते सगळं आजाराचं काम. आमचं काम ते शेवटचं.

कशासाठी लिहितो

मी चौथी शिकलोय. अक्षर कोंबडीनं माती उकरल्यागत आहे. शिकलेल्या माणसासाठी मी हे लिहीत नाही, त्यांना सगळं येतं म्हणे. ज्याच्या घरात बरेच दिवस खोकला आहे आणि ज्याच्या हातात दवाखान्यातला माणूस एक डबी देतो, त्याच्यासाठी लिहितोय.

गोदा टीबीनं गेली. तोच आजार मला झाला, मी गोळ्या घेतल्या, बरा झालो. लोक म्हणतात देवाची करणी. देवाला मधी घालू नका. ही शब्दाची करणी आहे. एका शब्दापायी माझी बायको गेली, आणि तो शब्द अजून तपासणीच्या त्याच खिडकीतून रोज बाहेर पडतोय. म्हणून मला राग आहे. राग निवायची वाट बघितली असती तर हे लिहून झालं नसतं.

कोरडा की ओला

आमचं घर पडेगावला, दौलताबादच्या रस्त्याला लागून. शहराला तेव्हा औरंगाबादच म्हणायचे. गोदा किल्ल्याकडच्या वळणावर पाटी मांडून बसायची. हंगामात सीताफळं, मग पेरू, उन्हाळ्यात टरबूज. मी चितेगावला एका कंपनीत माल चढवायचो, गुडघे गेले तसा घरी बसलो. रस्त्याचं काम चाललेलं, दिवसभर फुफाटा. तिला खोकला लागला तर सगळ्यांनी एकच सांगितलं, धूळ. मीबी तेच म्हणायचो.

नाक्यावरच्या डॉक्टरकडं गेलो. त्यानं विचारलं, "मावशी, खोकला कोरडा की ओला?"

"कोरडा," गोदा म्हणाली.

"ताप येतो?"

"नाय बा."

"आणखी काही लक्षणं?"

गोदा ताठ झाली. "माझी लक्षणं चांगली हायत. चितेगाव माझं माहेर, तितं इचारा. पडेगावात इचारा."

मला हसू फुटलं. डॉक्टर हसला नाही, चिडलाही नाही. बाई कशाला तापली हे त्याला कळलंच नाही. त्यानं कागदावर दोन रेघा ओढल्या आणि लाल औषधाची बाटली दिली.

आता बघा. ती खोटं एक अक्षर बोलली नाही. ताप म्हणजे गोधडी घेऊन दात वाजणं, असं तिला ठाऊक. दिवस कलला की अंगात यायची ती कणकण. कणकण येते का असं विचारलं असतं तर हो म्हणाली असती. लक्षण म्हणजे चालचलन. आजाराच्या खुणेलाही लक्षण म्हणतात, हे तिला सासरी-माहेरी कुणी सांगितलं नव्हतं. पोलक्याच्या बाह्या ढिल्या झाल्या, ताटात भाकरी उरायला लागली, हे सांगायचं असतं हे तिला कसं कळावं? आणि खोकला कोरडा म्हणाली, कारण तिच्या तोंडातून कधी काही बाहेर पडलंच नव्हतं.

ते का, तेही सांगतो. आमच्यात गडीमाणूस घरात शिरताना उंबऱ्याबाहेर खाकरतो. मग आतल्या बायका पदर सावरतात. पहाटे तर गल्लीतल्या म्हाताऱ्यांचा बाजाच वाजायचा, प्रत्येकाचा सूर ओळखू यायचा. पण बाईनं खाकरलं की ती निर्लज्ज. माझी आई सुनांना सांगायची, "गड्यानं खाकरावं, बाईनं गिळावं." गोदा लग्न होऊन आली तेव्हा पोर होती. तेव्हापासून गिळत आली. घशाशी आलेला बेडका गिळून टाकला तर खोकला कोरडाच की!

निदान केंद्र

बाटल्या संपल्या, खोकला संपला नाही. डॉक्टर म्हणाला, थुंकी तपासून आणा. त्यानं पाठवलं तिथं दारावर मोठ्या अक्षरांत पाटी होती. मी वाचून दाखवली, निदान केंद्र.

"निदान?" गोदा म्हणाली. "निदान काय? निदान च्या तरी मिळंल का हितं?"

निदान म्हणजे कमीत कमी, एवढंच आम्हाला माहीत. आजार ओळखण्याला निदान म्हणतात, हे शेजारी बसलेल्या एका मास्तरनं सांगितलं. गोदानं मान डोलावली. "तेच की. निदान कळलं तरी बास."

खिडकीतल्या माणसानं मान वर न करता डबी सरकवली. "थुंकी. नाव सांगा."

एवढंच बोलला. द्यायची तिथंच, बोळात. दोन्ही भिंतींना लागून गडीमाणसं बसलेली, एकजण तर तिच्याकडं टक लावून. गोदा भिंतीकडं तोंड करून उभी राहिली, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि आवाज न करता थुंकली. डबीत पांढरा फेस आला. थुंकी मागितली, थुंकी दिली. त्यानं डबीवर चिठ्ठी डकवली आणि पुढचं नाव विचारलं.

कागद आला. निगेटिव्ह.

"टीबी नाही," डॉक्टर म्हणाला. "निगेटिव्ह आलंय, म्हणजे चांगलं."

बाहेर आल्यावर गोदा म्हणाली, "म्या तर दचकले. आपल्या दत्ताच्या पोरीला शाळेतल्या बाई सारखं म्हणत्यात, निगेटिव्ह बोलू नको, निगेटिव्ह बोलू नको. मला वाटलं वाईटच आलं."

"दवाखान्यात उलटं अस्तं," मी म्हणालो. चौथीवाला मी, पण त्या दिवशी मला दवाखान्यातलं सगळं कळतं असं वाटत होतं.

घोर गेला म्हणून ती पुन्हा वळणावर पाटी घेऊन बसायला लागली. खोकला तिच्याबरोबर बसायचा. थंडीत पुन्हा त्याच खिडकीत गेलो. पुन्हा डबी, पुन्हा भिंत, पुन्हा फेस, पुन्हा निगेटिव्ह.

'वाईट'

मग डॉक्टरनं छातीचा फोटो काढायला लावला. उजेडाला धरून म्हणाला, "डाग आहे."

"कसला?"

"थुंकी दोनदा निगेटिव्ह आली. म्हणजे टीबी नाही. मग वाईट असू शकतं."

वाईट. त्या एका शब्दावर घरात सुतकाच्या आधीचं सुतक आलं. कॅन्सर हा शब्द कुणी तोंडातून काढला नाही, सगळे नुसतं 'ते' म्हणायचे. माझा चुलतभाऊ कचरू आला, तिच्या पलंगावर बसला आणि हुंदके द्यायला लागला.

"कचरूभावजी," गोदा म्हणाली, "म्या अजून हाय. रडायचं ते म्हागून रडा. आता च्या घ्या."

पण तो गेल्यावर तिनं ट्रंक उघडली आणि लुगड्यांचे ढीग लावायला घेतले. हे सुनेला, हे भाचीला. सून म्हणाली, "राहू द्या ना आत्याबाई, असं काय करता?" गोदा ऐकेना. मला ते बघवेना म्हणून मी ट्रंक लाथेनं पलंगाखाली सारली.

सुईनं छातीतला तुकडा काढून तपासायचं ठरलं. त्याला बायोप्सी म्हणतात. मी तिला समजावून सांगितलं.

"म्हंजे टरबुजाला खाप मारून बघत्यात तसं?"

"तसंच."

"खाप मारलेलं टरबूज पुन्ना कुणी घेत नाय, ठाव हाय ना तुमाला?"

माझा पोरगा दत्ता म्हणाला, "आबा, तिचं वय झालंय. उगी सुया कशाला टोचायच्या?"

"तुझी माय हाय ती," मी म्हणालो. "मोडीत काढायचा पंखा नाय."

तो उठून गेला. आठवडाभर बोलला नाही. दुसऱ्याच्या घरात आजार माणसं जवळ आणतो असं ऐकलंय. आमच्यात तो प्रत्येकाला वेगळ्या कोपऱ्यात बसवून गेला.

तुम्ही बाहेर जा

सुई टोचायच्या आधी छातीच्या डॉक्टरला दाखवा म्हणून आम्हाला मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथं एक मॅडम होत्या. वयानं लहान, आवाजानं मोठ्या. त्यांनी कागद चाळले आणि म्हणाल्या, पुन्हा एकदा नमुना द्या. नमुना म्हणजे तीच डबी.

गोदा सवयीनं भिंतीकडं वळली, थुंकली, डबी पुढं केली. मॅडमनी डबी हलवून बघितली.

"ही थुंकी आहे."

"थुंकीच मागतेत सगळीकडं," मी म्हणालो.

"मला थुंकी नको. बेडका पाहिजे. खोल श्वास घ्यायचा, छातीतून खाकरायचं आणि जे घट्ट येईल ते डबीत. याआधी दोनदा काय दिलं होतं, आजी?"

"हेच," गोदा म्हणाली.

मॅडमनी पेन खाली ठेवला.  मग त्या गोदाला म्हणाल्या, "खाकरा बरं." गोदानं माझ्याकडं बघितलं आणि नुसताच घसा हलवला. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच.

"तुम्ही बाहेर जा," मॅडम मला म्हणाल्या.

"का? मी नवरा हाय तिचा."

"म्हणूनच."

मला लई राग आला. दार आपटून बाहेर उभा राहिलो. आतून मॅडमचा आवाज, "आणखी. आणखी खोल. लाजू नका, मी रोज हेच ऐकते." आणि मग गोदाचं खाकरणं. आधी बारीक, मग मोठं, फाटक्या भात्यासारखं. आमचा सगळा संसार एका खोलीत झाला, पोरं झाली, नातवंडं झाली, आणि तो आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. मग गोदाचा दुसरा आवाज आला, "बया! केवढं निघालं!"

बाहेर आली ती नव्या नवरीसारखी मान खाली घालून.

"ऐकलं का तुमी?"

"नाय," मी म्हणालो.

बेरजेची तीन चिन्हं

कागद आला. पॉझिटिव्ह, आणि पुढं बेरजेची तीन चिन्हं. शाळेत मला बेरीज आवडायची. ही बेरीज म्हणजे डबीत जंतूंचा बाजार भरला होता.

"टीबी आहे," मॅडम म्हणाल्या. "खूप आहे. पण याला औषध आहे. तुम्ही ज्याला घाबरलात ते नाही हे."

गोदानं पदर तोंडाला लावला आणि रडली, आनंदानं. टीबी झाला म्हणून बाई आनंदानं रडलेली तुम्ही बघितली आहे का? मी बघितली आहे.

मी विचारलं, "मग आधी निगेटिव्ह कसं आलं? दोनदा?"

"निगेटिव्ह म्हणजे आजार नाही असं नसतं, आजोबा. या डबीत जे होतं त्यात सापडला नाही, एवढंच."

हे वाक्य त्या निदान केंद्राच्या पाटीखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहायला पाहिजे. तिच्या थुंकीला टीबी नव्हताच. छातीला होता. थुंकीला टीबी नाही असा खरा दाखला त्यांनी दोनदा दिला आणि आमचे त्यावर पेढे खायचे तेवढे बाकी राहिले.

गोळ्या सुरू झाल्या आणि घर रिकामं झालं. सून पोरांना घेऊन माहेरी गेली, दत्तानं वाळूजला खोली बघितली. मी शिव्या घातल्या. गोदा म्हणाली, "लेकरं न्येली ते बरं केलं. त्यांच्यावर डाफरू नका." कचरू आला तो उंबऱ्याबाहेर उभा. पाणी विचारलं तर "आत्ताच पिऊन आलो" म्हणाला. 'ते' आहे असं वाटत होतं तेव्हा पलंगावर बसून रडणारा हाच. टीबी म्हटल्यावर उंबऱ्याला पाय लावंना. औषध नसलेल्या आजाराला माया, औषध असलेल्याला लांबून रामराम.

आली ती रझियाभाभी. आमची भिंत आणि तिची भिंत एकच. खिचडी घेऊन आली, खिडकी सताड उघडली, गोदाच्या तोंडावरचं फडकं नीट केलं आणि मला म्हणाली, "चाय नहीं पिलाते क्या भैया?" मी वेगळ्या कपात चहा आणला.

"ये कायकू? मेरा हमेशा का कप किधर है?"

"भाभी, आजार हाय घरात..."

"डाक्टर क्या बोले? मुँह पे कपडा रखो, हवा आने दो, दवा का नागा नक्को करो. कप का कुछ बोले क्या? हमारे अब्बा कू भी हुआ था, मेरे कू सब मालूम है."

आणि गोदाकडं वळून, "क्या गोदाबाई, तुम्हारा मरद तो पूरा जाहिल निकला." गोदा खुदकन हसली. माझी टिंगल झाली की तिला नेहमीच बरं वाटायचं.

त्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते. आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं, गोदा ओरडत बाहेर आली. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, औषधाचा रंग आहे. मग गोदा रझियाभाभीला सांगत बसली, "आजारानं निदान रंग तरी चढला बघा अंगाला." कणकण गेली. एके दिवशी तिनं ठेचा मागितला. मी मिरच्या भाजल्या, त्या ठसक्यानं दोघंही खोकलो, आणि ती म्हणाली, आता वळणावर बसायचं. मला खरंच वाटलं की गाडी घाटातून वर आली.

ज्याची त्यानं झटकली

त्या दिवसांत मी निदान केंद्रात भांडायला गेलो. मॅडमचा कागद खिडकीत आदळला.

"आम्ही जे आलं ते तपासलं, काका," खिडकीतला म्हणाला.

"बेडका पाहिजे तर थुंकी का मागितली?"

"थुंकीच म्हणतात. हे बघा, छापलेलंच आहे. थुंकी तपासणी."

खरंच छापलेलं होतं. छापलेल्याशी कोण भांडणार? तिथून नाक्यावरच्या डॉक्टरकडं. तो म्हणाला, "रिपोर्ट निगेटिव्ह होता. मी काय करणार?"

"शंका घ्यायची," मी म्हणालो. "बाई दिवसेंदिवस वाळत चाललीय, कागद म्हणतो काय नाय. कागदाकडं बघायचं का बाईकडं? तेवढ्यासाठीच शिकलास ना?"

त्याच्या कंपाउंडरनं मला दंडाला धरून बाहेर काढलं. बाहेर बसलेले पेशंट माझ्याकडं बघत होते. त्यांना वाटलं म्हातारा औषधाच्या पैशावरून भांडतोय.

काही शहाणे मला म्हणतात, तुम्हीबी तर तिथंच उभे होतात, तुम्हाला कळू नये? नाही कळलं. मी माल चढवणारा माणूस. ज्यानं दारावर निदान असं लिहिलंय त्याला कळायला पाहिजे होतं. मला बोल लावणाऱ्यानं आधी आपल्या बायकोला चारचौघांत खाकरायला लावून दाखवावं.

स्टेबल

ठेच्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी भाकरीला बसली असताना तिला ढास लागली आणि तोंडातून रक्त आलं. थोडं नाही, पदर भिजला. रझियाभाभीच्या जावयाच्या रिक्षातून मोठ्या दवाखान्यात नेलं.

वॉर्डाचं एक वेगळं गाव असतं. सकाळी फिनेलचा वास, मग डॉक्टरांचा घोळका, मग भेटायला येणारे, मग पुन्हा फिनेल. तिथं कुणाला नाव नसतं, खाट असते. एक सिस्टर मात्र तिला आजी म्हणायची. रक्त लागून केस चिकटले होते, तर त्या सिस्टरनं आपलं काम संपल्यावर बसून तिची वेणी घातली. तिचं नाव मला विचारायचं राहून गेलं.

दत्ता आला. तोंडाला फडकं बांधून मायचे पाय चेपत बसला. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर वाईट बोललो असतो.

मोठे डॉक्टर घोळक्यासकट आले आणि म्हणाले, "पेशंट स्टेबल आहे."

"म्हंजे रं?" मी दत्ताला विचारलं.

"म्हंजे आहे तसंच आहे, आबा. घाबरायचं नाय."

"चिखलात रुतलेली गाडीबी आहे तशीच असती," मी म्हणालो.

मॅडमनी मलाही एक डबी दिली होती. मीही खोकत होतो, घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्यायचं असतं. सकाळी उठल्या उठल्या, काही खायच्या आधी. ती डबी खिशात तशीच होती. गोदाची नजर खिशावर गेली.

"दिलं का तुमी?"

"देतो की."

"कधी?"

"उद्या."

"उद्या म्हंजे उद्या," ती म्हणाली. बोलताना दम लागत होता. "अन् थुंकू नका."

दुपारी तिला पुन्हा रक्त आलं. सिस्टर पळाली, मॅडम पळत आल्या, पडदा ओढला, मला बाहेर काढलं. या वेळी मी दार आपटलं नाही. पडदा उघडला तेव्हा काम संपलं होतं.

"फुप्फुस फार खराब झालं होतं," मॅडम म्हणाल्या. "औषध उशिरा सुरू झालं."

"उशीर कुणी केला?"

  त्यांनी वळून पडदा नीट लावला. दिवस मावळायच्या आत आम्ही तिला पडेगावला आणली आणि माती उरकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी

घर पाहुण्यांनी भरलं होतं. उंबरा न ओलांडणारे सगळे आले होते आणि अंगणात सतरंजीवर बसले होते. मी उठलो, चूळसुद्धा भरली नाही. खिशातली डबी काढून सगळ्यांच्या देखत अंगणाच्या कडेला उभा राहिलो, छातीभर श्वास घेतला आणि खाकरलो. जे आलं ते डबीत घेतलं, झाकण लावलं, पायताण घातलं.

"दादा, कुठं निघालास?" कचरू उठून आडवा आला. "सुतक हाय घरात. काल माती झाली अन् आज दवाखाना? लोकं काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, आधी हितलं पाणी प्या. मग म्हणा काय म्हणायचं ते."

दत्ता म्हणाला, "मी येतो." मी म्हणालो, "तू तुझी डबी आण."

दवाखान्यात नमुने द्यायची खिडकी मागच्या अंगणात आहे, उघड्यावर. बरीच रांग होती. रांगेच्या बाजूला एक पोर उभी होती, नुकतंच लग्न झालेली, जवळ सासू. पोरीच्या हातात डबी, तोंड भिंतीकडं, पदर पुढं ओढलेला. मला तिचं तोंड दिसत नव्हतं, तरी ती काय करणार ते कळलं.

"बाई, थुंकू नको," मी म्हणालो.

सासू वळली. "तुमाला काय करायचंय, म्हातारबा?"

"थुंकी दिली तर कागद खोटा येतो. खाकरून दे म्हणावं. आतून."

"एवढ्या गड्यांत? काय लाजलज्जा?"

पोरीनं सासूकडं बघितलं, मग रांगेतल्या गड्यांकडं. डबी तशीच हातात.

मी रांगेकडं वळलो. "ए, त्वांडं तिकडं फिरवा रे! फिरवा!"

काहींनी फिरवली. एकजण म्हणाला, "म्हातारा येडा झालाय." पोर तशीच उभी. मग मी तिच्याकडं पाठ करून तिच्या शेजारी उभा राहिलो आणि खाकरलो, मोठ्यानं, छाती फाटेल एवढ्यानं. माझं जे द्यायचं ते डबीत होतं, छातीत आता काही नव्हतं, तरी खाकरलो. कुणीतरी हसलं. पुन्हा खाकरलो. पुन्हा.

त्यात माझ्या आवाजाच्या आडून आणखी एक आवाज आला. बारीक, मग जरा मोठा. मी थांबलो नाही. माझ्या पाठीमागचा आवाज थांबला तेव्हा थांबलो.

वळून बघितलं तर ती डबीचं झाकण फिरवत होती.  पोर रांगेत लागली. मी माझी डबी घेऊन तिच्या मागं उभा राहिलो.